तुले

रविवारी दुपारी दुकानात तानबा बसला होता तेव्हा फोन वाजला. आठवड्याचा अहवाल आला होता. रुचीच्या फोनवर लावलेलं ते पालकांचं ॲप दर रविवारी मला अहवाल पाठवतं. मुलीने फोन किती वेळ पाहिला, त्यात काय पाहिलं, कोणाशी बोलली, सगळं. मी तो नेहमीसारखा उघडला. एरवी वरवर पाहून बंद करायचो, त्या दिवशी खालपर्यंत गेलो. अभ्यासाचे व्हिडिओ होते, चित्रं रंगवायचं काहीतरी होतं, आणि सगळ्यात खाली ‘सर्वाधिक संवाद’ असं लिहून एक नाव होतं. आई. आठवडाभरात दुसऱ्या कोणाशी ती फारशी बोललीच नव्हती. रुचीची आई, म्हणजे माझी बायको प्रेरणा, मागच्या पावसाळ्याच्या शेवटी तापाने गेली. मी डोळे पुसले, चष्मा पुसला, परत पाहिलं. आई. नावापुढे हिरवा गोल होता, म्हणजे सुरक्षित.

तानबा बोलत होता. तो आमच्या सेलू तालुक्यातलाच, जुनं गिऱ्हाईक. मी शेतीचं सामान विकतो. पाइप, फवारणीचे पंप, आणि अलीकडे सगळ्यात जास्त झटका मशीन. शेताभोवती तार ओढायची आणि तिला ही मशीन जोडायची. रानडुक्कर किंवा रोही, म्हणजे नीलगाय, तारेला लागलं की झटका बसून मागे फिरतं, मरत नाही. “मशीन तं चालून राह्यली भाऊ,” तानबा म्हणत होता. “मीच हात लावून पाह्यला, तं मलेच फेकलं तिनं. बायको हासून हासून आडवी झाली. पन डुक्कर येऊनच राह्यलं.” मी सवयीने विचारलं, “फाटकाले तार लावली का?” तो म्हणाला, “फाटकाले कशी लावू? तिथून तं मीच जातो न!” हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो आणि दर वेळी हसतो. त्या दिवशी हसलो नाही. तानबाने माझ्या तोंडाकडे पाहिलं. “काय झालं भाऊ? कोनाचा मेसेज हाय?” “घरचा,” मी म्हटलं.

तो गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं आणि आत बसून राहिलो. मशीनची चूक असेल असं वाटलं. जुनं काहीतरी परत मोजलं असेल. हे ॲप लावलं तेव्हाची गोष्ट आठवली. प्रेरणा गेल्यावर रुची शाळेतून येऊन दुकान बंद होईपर्यंत घरात एकटी असायची. तेरा वर्षांची मुलगी आणि हातात फोन. त्याच दिवसांत कोणत्या तरी गावातल्या एका मुलीला फोनवरून कोणी फसवलं, अशी बोलणी चहाच्या टपरीवर चालायची, आणि माझ्या हातातला चहा थंड व्हायचा. दिवाळीत माझा पुतण्या अंकित नागपूरहून आला. तो इंजिनिअरिंगला आहे. मी त्याला म्हटलं, चारही बाजूंनी लाव, कुठे जागा ठेवू नको. त्याने लावलं. रात्री नऊनंतर फोन बंद. नवीन काही घ्यायचं तर माझी परवानगी. रुची कुठे आहे ते माझ्या फोनवर निळ्या ठिपक्याने दिसणार. आणि मी मंजूर केलेल्या नंबरांशिवाय कोणाचा फोन येणार नाही, मेसेज येणार नाही. तो एकेक नाव वाचत गेला. मी, अंकित स्वतः, ट्यूशनच्या मॅडम, दोन मैत्रिणी. मग थांबला. रुची समोरच वाटाणे सोलत बसली होती. तो हळू आवाजात म्हणाला, “काका, काकूचा नंबर ठेवू का काढू?” रुचीचे हात थांबले. वर तिने पाहिलं नाही. “राहू दे,” मी म्हटलं. त्याने तिथे ‘नेहमी परवानगी’ करून टाकलं. तिकडून काय येणार होतं? प्रेरणाचा फोन बंद करून मी कपाटात तिच्या साड्यांखाली ठेवला होता. गेलेल्या माणसाच्या फोनला रिचार्ज कोण मारतो? काही महिन्यांनी नंबर बंद पडणार एवढं मला माहीत होतं. तो पुढे दुसऱ्या कोणाला देतात हे माहीत नव्हतं. नंबर माणसासोबत जातो असं मला वाटत होतं.

घरी निघालो तेव्हा रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. वैशाखातलं ऊन. डोक्याला दुपट्टा बांधायचा राहिला होता हे अर्ध्या वाटेत कळलं. अशा उन्हात मी निघालो की प्रेरणा खिशात कांदा ठेवायची आणि म्हणायची, “दुपट्टा बांधा, तुमाले काई झालं तं मी कोनाशी भांडू?” ती कारंजाकडची. तिच्या वडिलांचं हायवेवर पंक्चरचं दुकान, त्यामुळे ट्रकच्या आवाजाच्या वर बोलायची सवय. मले, तुले, येऊन राह्यली, सगळं मोठ्याने. तसं तर आम्ही सगळे तसंच बोलतो. दुकानात मीही तसाच बोलतो. पण रुचीला इंग्रजी शाळेत घातलं तेव्हा पालकांच्या मीटिंगमध्ये मिस म्हणाल्या, घरात शुद्ध बोलत जा, मुलं तेच उचलतात. मी ऐकलं. त्या दिवसापासून रुचीशी तुला, मला. प्रेरणाने एक दिवस करून पाहिलं आणि सोडून दिलं. म्हणाली, “तुला म्हटलं का मले हे दुसऱ्याचीच पोरगी वाटते.” रुची सहावीत असताना डबा विसरली. प्रेरणा डबा घेऊन शाळेच्या फाटकावर गेली आणि तिथून तिने हाक मारली, “रुचे, तुले डबा नाई पायजे का?” मुली हसल्या. रुची जवळ आली, डबा घेतला आणि खालच्या आवाजात म्हणाली, “तुला म्हण ना, आई.” प्रेरणाने मला हे संध्याकाळी कणीक मळताना हसून सांगितलं. सांगता सांगता तिचा हात कणकेतच राहिला. मग परत मळायला लागली. त्यानंतर शाळेच्या फाटकावर ती गप्प राहायची, हाताने बोलवायची. घरात मात्र जास्तच तुले म्हणायची. मेसेजमध्येसुद्धा. ती गेली आणि घर आपोआप शुद्ध झालं.

दार मी किल्लीने उघडलं. कूलर चालू होता आणि त्याच्यासमोर चटईवर रुची झोपली होती. एक हात डोक्याखाली, दुसरा फोनवर. तिच्या बोटाखालून फोन काढताना तिने बोट जरासं घट्ट केलं, मग सोडलं. मी स्वयंपाकघरात जाऊन जमिनीवर बसलो. फोन उघडायचे आकडे मला माहीत होते, मीच ठेवले होते. आईचं नाव उघडलं. शेवटचा मेसेज समोर आला. ‘गुरुवारी येजो मंग. मी वाट पाहून राह्यली.’ खरं सांगतो, तो वाचून मला पहिल्यांदा काहीच वाटलं नाही. प्रेरणाचंच बोलणं होतं ते. तिचं बोलणं वाचून जसं वाटायचं तसंच वाटलं, की आता उठून काहीतरी काम करावं लागणार. मग तारीख पाहिली. कालची होती.

मी वर वर सरकवत गेलो. खूप वर गेल्यावर खरी प्रेरणा लागली. दूध उतू गेल्याची गोष्ट, मधे मधे तिने बोलून पाठवलेले आवाज, येताना कोथिंबीर आणजो, दवाखान्यातून पाठवलेलं ‘मले बरं हाय, तू जेवली का’. त्याच्याखाली एकट्या रुचीचे मेसेज. आई. आई आज पेपर सोपा गेला. आई बाबांना पोळ्या जमत नाहीत, आम्ही डबा लावला. आई मला पाळी आली, मी मॅडमना सांगितलं, बाबांना नाही. हे मला तिथे कळलं, स्वयंपाकघरात बसून. प्रत्येकापुढे एकच खूण, म्हणजे पोचलेला नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली, एकच खूण. होळीनंतर एके ठिकाणी दोन झाल्या. तिथे मधोमध एक बारीक राखाडी ओळ होती, या नंबरचा सुरक्षा कोड बदलला आहे. तिच्याखाली उत्तर. ‘कोण?’ रुचीने लिहिलं, ‘मी रुची.’ तिकडून, ‘कोण रुची?’ आणि रुचीने लिहिलं होतं, ‘तुझी.’

त्या दिवशी पुढे काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिकडून आलं, ‘कशी आहेस बाळा? तुला आईची आठवण येते का?’ रुचीने लिहिलं, ‘माझी आई तुला नाही म्हणायची. तुले म्हणायची.’ थोड्या वेळाने तिकडून तेच परत आलं. ‘तुले आठवण येते का?’ त्याच्यावर रुचीने लाल बदाम ठेवला होता. पुढे मी वाचत गेलो तसं माझ्या लक्षात आलं की ती शिकवत होती. बाळा नाही, रुचे. काय करतेस नाही, काय करून राह्यली. ये नाही, येजो. का नाही, काऊन. मिस वहीवर लाल पेनाने करतात तसं. आणि तिकडून शांतपणे दुरुस्त होऊन परत यायचं. एकेका आठवड्याने चुका कमी होत गेल्या. मग तिकडून विचारणं सुरू झालं. बाबा किती वाजता येतात. घरी आणखी कोण असतं. आईने तुले कुठं कुठं नेलं होतं. रुचीने सांगितलं होतं. फोटो पाठव, किती मोठी झाली पाहू दे. तिने शाळेच्या कपड्यांतला पाठवला होता. तिकडून आणखी मागितले होते, कसे ते मी इथे लिहीत नाही. ‘आईपुढं काय लाजतं’ असं लिहिलं होतं. रुचीने ‘नको’ लिहिलं होतं. ती ओळ मी परत परत वाचली. मग गिरडचं आलं. ‘टेकडीवर येजो. एकटी. बाबाले सांगू नको.’ रुचीने लिहिलं, ‘बाबांना मी कुठे आहे ते फोनवर दिसतं.’ तिकडून आलं, ‘मंग फोन घरीच ठेवजो.’

गिरडला आम्ही दरवर्षी जायचो. प्रेरणाच्या आईचा नवस होता, तो प्रेरणाने पुढे चालवला. दर्ग्याच्या टेकडीवर ती आमच्या खूप पुढे चढून जायची. रुची खाली सुपारीसारखे गोल दगड वेचत बसायची. ते दगड तिथेच मिळतात. वर पोचल्यावर प्रेरणा वळायची आणि अख्ख्या टेकडीला ऐकू जाईल असं ओरडायची, “रुचे, येऊन राह्यली का थांबून राह्यली?” अनोळखी माणसंसुद्धा हसायची. त्यातला एक दगड रुचीच्या कंपासपेटीत आहे. गुरुवारी माझ्या फोनवर निळा ठिपका दिवसभर घरातच दिसला असता. मी दुकानात बसून तो अधूनमधून पाहिला असता आणि मला बरं वाटलं असतं.

माझ्या फोनवर तो नंबर मी पुसला नव्हता. लावला. पडद्यावर प्रेरणाचा फोटो आला, कोणाच्या तरी हळदीतला, गालाला पिवळं लागलेला. घंटी वाजत राहिली आणि फोटो हसत राहिला. मग कोणीतरी उचलला. “हॅलो.” तरुण माणूस होता. तोंडात काहीतरी होतं. मागे कुठे भांडी वाजत होती. मी फोन कानाला घट्ट धरला. “कोण बोलतंय? अहो बोला की,” तो म्हणाला. तो आमच्याकडचा नव्हता. “रुचीचा बाप बोलून राह्यलो,” मी म्हटलं. फोन कट झाला. पडद्यावर फोटो थोडा वेळ राहिला, मग गेला. मी तसाच बसलो होतो तेव्हा दुसऱ्या हातातला रुचीचा फोन थरथरला. ‘रुचे, बाबाले कोनं सांगतलं? तुले म्हटलं होतं न मी, कोनाले सांगू नको म्हनून.’ मी ते नीट वाचलं. त्यात एकही चूक नव्हती.

अंकितला फोन लावला. तो ऐकत गेला आणि मधे मधे “हो काका” म्हणत गेला. मग म्हणाला, “काका, काहीच मिटवू नका. फोन तसाच घेऊन ठाण्यात जा, वर्ध्याला सायबरवाले आहेत, तिकडं पाठवतील. मी आताच निघतो. पण आधी तो नंबर बंद करा.” मी विचारलं, “फोन किती दिवस ठेवतील ते?” “सांगता येत नाही.” “त्यात तुझ्या काकूचे आवाज हायेत,” मी म्हटलं. तो म्हणाला, “मीच विचारलं होतं, ठेवू का काढू.” मी म्हटलं, “तू विचारलं होतं. बरं केलं.” आणि फोन ठेवला.

मग मी ॲप उघडलं. मंजूर नावांत ती सगळ्यात वर होती. आई, नेहमी परवानगी. बोट लावलं तर त्याने विचारलं, ‘आई यांची परवानगी काढून घ्यायची?’ खाली दोन चौकोन, हो आणि नाही. प्रेरणाच्या वेळी मी हो-नाही काही म्हटलं नव्हतं. डॉक्टरांनी पाठीवर हात ठेवला तेवढ्यावर मला कळलं होतं. इथे बोट ठेवावं लागणार होतं. मी ठेवलं. रुचीच्या फोनवर लगेच आलं, तुमच्या पालकांनी ‘आई’ हा संपर्क बंद केला आहे. मेसेज तसेच राहिले, खालचे आणि वरचे. फोन ठाण्यात जाईल म्हणून मी वर गेलो, एक आवाज शोधला आणि बारीक करून लावला. बारीक करूनही ती मोठीच बोलत होती. “रुचे, दूध झाकून ठेवजो. मांजर येऊन राह्यली. तुले ऐकू येते का नाई?” मागे तिच्या बांगड्या वाजल्या. मी परत लावला.

रुची दारात उभी होती. गालावर चटईच्या रेषा उमटल्या होत्या. तिने माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं. “हा वरचा आवाज आहे,” ती म्हणाली. मला कळलं नाही. “त्या राखाडी रेषेच्या वरचा, बाबा.” मी फोन खाली ठेवला. “तुला माहीत होतं?” “हो.” “कधीपासून?” “पहिल्यापासून. आईला तुले शिकवावं लागलं नसतं.” ती हे शाळेतलं उत्तर द्यावं तसं बोलली. मी विचारलं, “मग गिरडला जाणार होतीस?” ती पायाच्या अंगठ्याने फरशीची फट घासत राहिली. कूलरमधलं पाणी संपलं होतं, नुसता पंखा फिरत होता. “त्या वरून हाक मारणार होत्या,” ती म्हणाली. “आई मारायची तशी. मी सांगितलं होतं कशी मारायची ते. मी वर पाहणारच नव्हते. पाठ फिरवून उभी राहणार होते. ऐकून लगेच परत येणार होते.” मग घाईने म्हणाली, “त्या मावशी चांगल्या आहेत, बाबा. रोज विचारतात.”

मला हे सांगायचं नव्हतं. ठाण्यात कोणीतरी सांगितलंच असतं, त्यापेक्षा मी सांगावं असं वाटलं. “रुची, ती बाई नाही. मी फोन लावला होता. तो माणूस आहे.” तिला ते कळायला वेळ लागला. मी पाहत होतो. मग तिने दोन्ही हात फ्रॉकला पुसले, पुढून, मागून, जोरात, हाताला काही लागलं असावं तसे. मग तेच हात कानांवर ठेवले. मी उठलो. जवळ घ्यावं असं वाटलं, पण ती भिंतीला टेकली होती आणि भिंतीत आणखी मागे जायला पाहत होती. मी जिथे होतो तिथेच थांबलो.

सकाळपासून तिने काही खाल्लं नसेल असं मनात आलं. डब्यातलं वरण होतं, भात होता. मी गॅस पेटवला, ताट काढलं. घरात हे बोलणारं आता कोणी नाही, मग मीच का नाही बोलत, एवढंच माझ्या मनात होतं. आठ वर्षं मी तिच्याशी ते बोललो नव्हतो. जीभ जराशी अडली, तरी म्हटलं, “रुचे, तुले भूक लागली असन. तुले जेवाले वाढू का?”

तिचे हात अजून कानांवरच होते, पण तिने ऐकलं. तिचं तोंड रडण्याआधी होतं तसं वाकडं झालं. ती रडली नाही. तिने मान हलवली. खालच्या आवाजात म्हणाली, “तुला म्हणा, बाबा.”

वरण उकळायला लागलं होतं. मी गॅस बारीक केला.

“तुला वाढू का?” मी म्हटलं.

ती हो म्हणाली, आणि कानांवरचे हात काढून ताटासमोर बसली.